थैलीत किती पडलं, आणि कोणाकोणाचं

मार्च जवळ आला की आमच्याकडच्या चर्चच्या व्यासपीठांवर बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय निघतो. सगळे दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, मग मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते बघा, असं त्यात परमेश्वर म्हणतो. वर्षभर न निघालेला हा अध्याय नेमका आर्थिक वर्ष संपताना का निघतो, हे पाळकांना ठाऊक असतं, खजिनदाराला ठाऊक असतं आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्या मंडळीलाही, म्हणजे चर्चच्या सभासदांनाही, ठाऊक असतं. उपदेशाचा सूर ठरलेला: मंडळी थंड पडली आहे म्हणून अर्पण आटलं आहे; अर्पण वाढवा, आशीर्वाद येईल आणि मंडळी पुन्हा जिवंत होईल.

यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. मंडळीचं आरोग्य आणि सभासदांचं देणं यांचं नातं आहेच. पण दुसरा भाग गाडीला घोडा मागून जुंपतो. अर्पण वाढल्यामुळे मंडळी सुधारत नाही. मंडळीवर विश्वास बसला की अर्पण वाढतं. आणि विश्वास बसावा म्हणून जे करावं लागतं, ते करण्यापेक्षा मलाखी वाचणं सोपं असतं.

मी एका जुन्या मिशन मंडळीच्या पंच कमिटीवर काही वर्षं खजिनदार होतो. सभासदांच्या वर्गणीचं रजिस्टर नीट वाचलं तर मंडळीचं जेवढं कळतं, तेवढं उपासनेच्या हजेरीवरूनही कळत नाही. मात्र ते वाचताना बेरजेच्या रकान्यावर थांबायचं नाही. बेरीज फसवते.

बेरीज कशी फसवते याचं मोठं उदाहरण जर्मनीत आहे. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या सभासदांकडून सरकारच चर्च-कर वसूल करून चर्चला देतं. हा कर आयकराच्या 8 किंवा 9 टक्के असतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत 8, बाकी ठिकाणी 9. या कराचं दोन्ही चर्चचं मिळून उत्पन्न वर्षाला 12 अब्ज युरोंच्या वर गेलेलं आहे. आकड्यावरून आरोग्य ठरत असतं तर जर्मन चर्चइतकं ठणठणीत चर्च जगात सापडलं नसतं. प्रत्यक्षात 2022 या एका वर्षात 5 लाखांहून अधिक लोकांनी रीतसर अर्ज करून कॅथलिक चर्चचं सभासदत्व सोडलं. बाकं रिकामी होत होती आणि तिजोरी भरत होती, कारण पगार वाढले की कर आपोआप वाढतो. पैसा येत राहण्यासाठी रविवारी कोणी यायची गरजच उरली नव्हती. ज्या संस्थेला आपल्या माणसांच्या येण्या-न येण्याने फरक पडत नाही, तिला माणसं जात असल्याचं उशिरा कळतं.

आपल्याकडे चर्च-कर नाही. आपल्याकडे कंपाउंड आहे, मिशनने मागे ठेवलेलं जमिनीचं आवार.

महाराष्ट्रातल्या जुन्या मंडळ्यांची गोष्ट मिशनच्या पैशापासून सुरू होते. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये अहमदनगरला त्यांनी ठाणं मांडलं. शाळा, दवाखाने, बंगले, चर्च, पाळकांचे पगार, सगळं अमेरिकेतल्या देणगीदारांच्या पैशावर. या व्यवस्थेतला धोका त्या काळीही दिसत होता, हे विशेष. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन आणि इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगितलं होतं की देशी मंडळी स्वतःच्या पैशावर चालली पाहिजे, स्वतःचा कारभार तिने स्वतः केला पाहिजे आणि सुवार्ताही तिनेच पसरवली पाहिजे. अँडरसन 1854-55 मध्ये स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. पण पाळकाचा पगार ज्याच्या हातात, मंडळीचा कारभारही त्याच्याच हातात, ही साधी गोष्ट कोणत्याही ठरावाने बदलत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनच्या पगारी चाकरीवर पाणी सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र बंधुसंघ उभा करायला घेतला, तेव्हा त्यांना नेमकं हेच खुपत होतं. हिंदी ख्रिस्ती माणूस मिशनचा नोकर म्हणून किती दिवस जगणार? त्याआधी 1905 मध्ये सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिचं ब्रीदच होतं: भारतीय माणसं, भारतीय पैसा, भारतीय कारभार. तिच्या संस्थापकांपैकी अझरिया पुढे 1912 मध्ये पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले आणि आजच्या तेलंगणातल्या दोर्णकलच्या गरीब खेड्यांतल्या मंडळ्यांना देण्याची सवय लावण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं.

या सगळ्या माणसांना आणि संस्थांना पैशापेक्षा मालकीची काळजी होती. आज ती विसरली आहे. परदेशातला पैसा हळूहळू कमी झाला. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि वेगवेगळ्या मिशनांतून आलेल्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. 2020 च्या दुरुस्तीनंतर विदेशी देणगीचा कायदा इतका कडक झाला की एका नोंदणीकृत संस्थेला आलेला पैसा दुसरीकडे वळवताच येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. मिशनरी गेले, डॉलर आटले. जमिनी मात्र राहिल्या. शहरं वाढत वाढत कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आली आणि पूर्वी जिथे मिशनऱ्याची घोडागाडी उभी राहायची त्या जागेचा भाव कोटीत गेला. रस्त्याकडेच्या गाळ्यांचं भाडं, मंगल कार्यालयासारखं वापरायला दिलेलं मैदान, मोबाईलचा टॉवर यांवर कित्येक मंडळ्यांचा खर्च निघतो.

आणि तिथेच दुखणं सुरू होतं. भाड्यावर चालणाऱ्या मंडळीला सभासदाच्या शंभर रुपयांची गरज नसते. गरज नसली की त्याच्या मताचीही गरज नसते. सभासदालाही हे कळतं आणि तो तसाच वागतो: नाताळला येतो, लग्नाचा दाखला हवा असला की थकबाकी भरतो, दफनभूमीत जागा लागली की भांडतो. त्याला थंड म्हणण्यात अर्थ नाही. त्याला जेवढं गिऱ्हाईक बनवलं तेवढंच गिऱ्हाईक तो झाला.

रजिस्टरमधली एक गोष्ट सांगतो, म्हणजे बेरीज का फसवते ते कळेल. अनेक मंडळ्यांत नियम असा की नियमित वर्गणी भरणाऱ्या सभासदालाच कमिटीच्या निवडणुकीत मत. नियम चांगला आहे. द्यायचं नाही आणि ठरवायचं मात्र, हे बरोबर नाही. पण निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात रजिस्टर उघडून पाहावं. वर्षभर कोरे असलेले रकाने एका संध्याकाळी भरलेले असतात. एकाच पेनाची शाई, एकाच हाताचं वळण, ओळीने पंधरा-वीस नावं, आणि पावत्यांचे नंबर सलग. ज्यांच्या नावाने वर्गणी भरली गेली त्यांना पावती मतदानाच्या दिवशी दारात मिळते. त्या वर्षीच्या अहवालात ‘वर्गणीत लक्षणीय वाढ’ असं छापून येतं आणि खोटं काही छापलेलं नसतं! वाढ झालेलीच असते. हे सगळं ज्या खुर्च्यांसाठी चालतं त्या खुर्च्यांकडे कंपाउंडच्या किल्ल्या असतात, हे मराठी ख्रिस्ती वाचकाला वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं की रक्कम बाजूला ठेवा आणि हात मोजा. दोनशे घरांच्या मंडळीत किती घरं दर महिन्याला काही ना काही देतात? त्यांतली किती घरं तिशीच्या आतली आहेत? एकट्या पाच घरांतून निम्मं अर्पण येतं का? पाच घरांवर चालणारी मंडळी श्रीमंत दिसेल, पण तिथे पाळकाला उपदेश करताना समोरच्या बाकावर कोण बसलंय ते बघून बोलावं लागतं. दीडशे घरांतून पन्नास-पन्नास रुपये येणारी मंडळी तंगीत असेल, तरी तिथल्या वार्षिक सभेत आवाज चढतात, लोक घरी जायला उशीर करतात. मला दुसरी जास्त निरोगी वाटते.

मिझोराममध्ये हे हात मोजण्याचं काम शंभरावर वर्षं मुठीने चाललं आहे. तिथल्या बायका चूल पेटवताना हंडीत टाकायच्या तांदळातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकतात. महिला संघाच्या बायका घरोघरी जाऊन तो तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसा सुवार्तेच्या कामाला लागतो. ‘बुह्फाई थम’ म्हणतात त्याला. या आणि अशा देणग्यांतून त्या डोंगरातल्या मंडळ्या आज देशभर आपले मिशनरी पाठवतात. तांदळाच्या रकमेचं मला तितकं अप्रूप नाही. रोज दोन वेळा, घरातल्या सगळ्यांत कमी पैसा हाती असलेल्या माणसाला चर्च आपलं आहे याची आठवण होते, आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी तिच्या दाराशी येऊन विचारपूस करतं. भाड्याच्या पैशात ही भेट नसते.

आपल्याकडेही हे अगदीच नाही असं नाही. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यातल्या मंडळीत सुगीच्या उपासनेला जा. वेदीपुढे बाजरीची पोती, मेथीच्या जुड्या, भोपळे, पाय बांधलेला कोंबडा. उपासना झाली की लिलाव. एक नारळ कोणी दोनशेला घेतो आणि तिथल्या तिथे परत अर्पण करतो; तो पुन्हा दीडशेला जातो, पुन्हा परत येतो. भोपळ्यावर दोन भाऊबंदांची चुरस लागते आणि बाजारात चाळीस रुपयाला मिळणारा भोपळा हजारावर जातो, बाकीचे टाळ्या पिटतात. हीच ती ‘थंड’ मंडळी, जिच्या मासिक वर्गणीची थकबाकी दोन-दोन वर्षांची असते. त्या दिवशी खिसे उघडतात, कारण काय आलं, किती आलं, कोणाच्या हातात गेलं हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. संध्याकाळपर्यंत बेरीज फळ्यावर लिहिलेली असते.

एरवीच्या हिशेबाची काय गत? वार्षिक अहवाल काढून बघा. त्यात सभासदांच्या नावापुढे कोणी किती दिलं याची पानंच्या पानं असतात. शिक्षक अमुक, पेन्शनर तमुक, आणि तळाशी ज्या विधवेला काही जमलं नाही तिच्या नावापुढे आडवी रेघ. खर्चाचं पान एकच. त्यात ‘किरकोळ’, ‘प्रवास’, ‘कोर्ट खर्च’. देणाऱ्याचा पै-पैचा हिशेब चव्हाट्यावर आणि घेणाऱ्याचा मोघम, ही उलटी पारदर्शकता आम्ही वर्षानुवर्षं चालवली आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडळातली पोरंसुद्धा पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन निघण्याआधी मागच्या वर्षीचा जमाखर्च लावतात, कारण चाळीतले लोक दारातच विचारतात.

इथे विधवेच्या दमडीची गोष्ट हमखास सांगितली जाते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक दरिद्री विधवा येऊन ‘दोन टोल्या म्हणजे एक दमडी’ टाकते आणि येशू म्हणतो, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. त्यावर कितीतरी उपदेश ऐकले आहेत. त्याच्या अगदी वरचं वचन मात्र क्वचितच वाचलं जातं. त्यात येशू शास्त्र्यांबद्दल, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांबद्दल बोलतो, जे लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. त्यानंतर लगेच ही विधवा येते आणि तिची सगळी उपजीविका त्याच मंदिराच्या पेटीत जाते. पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीला येशू त्या मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं सांगतो. ही तीन वचनं सलग वाचली की विधवेचं कौतुक कमी होत नाही, पण पेटी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना त्या गोष्टीच्या आडोशाला बसता येत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाकडे दशमांश मागणारा आणि महिना लाखभर घेणाऱ्याकडेही दहाच टक्के मागून गप्प बसणारा उपदेशक हा अध्याय कसा वाचतो, मला खरंच कुतूहल आहे. बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खायला मिळावं म्हणून ठेवायला सांगितलाय. मलाखीसोबत हेही मार्चमध्ये वाचायला हरकत नाही.

नव्या स्वतंत्र मंडळ्यांचं काय, असं कोणी विचारेल. तिथे तरुण आहेत, बँड आहे, अर्पणही भरघोस आहे. खरं आहे, आणि जुन्या मंडळ्यांनी त्यांच्याकडून शिकावं असं पुष्कळ आहे; आजारी सभासदाच्या घरी त्यांची माणसं आमच्या आधी पोचतात. पण ‘बी पेरा, शंभरपट घ्या’ हा जो प्रकार तिथल्या काही व्यासपीठांवर चालतो, त्यात देणारा आणि देव यांच्यात सौदा होतो आणि पीक आलं नाही की दोष पेरणाऱ्याच्या विश्वासावर येतो. शिवाय अनेक ठिकाणी संस्थापक पास्टर, त्यांची पत्नी आणि मेहुणा हेच ट्रस्टी. तिथे रक्कमही मोठी आणि हातही पुष्कळ, तरी विचारायची सोय नाही. म्हणजे नुसते हात मोजूनही भागत नाही. (दारातल्या क्यूआर कोडशेजारी एका ठिकाणी पेमेंटचा स्पीकर ठेवलेला पाहिला. प्रार्थना चालू असताना तो रक्कम पुकारत होता. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये म्हणणाऱ्या प्रभूची अशी चेष्टा अर्पणाच्या मखमली थैलीने कधी केली नव्हती.)

विश्वास उडाला की लोक देणं थांबवतात असंही नाही. ते वाट बदलतात. 2002 मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांतात धर्मगुरूंनी केलेले लैंगिक अत्याचार आणि वरिष्ठांनी ते झाकल्याचं उघडकीला आलं. तेव्हा ‘व्हॉइस ऑफ द फेथफुल’ नावाने एकत्र आलेल्या सामान्य कॅथलिकांनी वेगळा निधी काढला. बिशपच्या हाती न देता पैसा सेवाकार्याला पोचावा, हा हेतू. धर्मप्रांताने तो पैसा नाकारला. बोस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना त्याच वर्षाच्या डिसेंबरात पायउतार व्हावं लागलं. आपल्याकडे हे इतक्या उघडपणे होत नाही, पण होतं. जुन्या मंडळीचा सभासद रविवारी थैलीत दहाची नोट टाकतो आणि टीव्हीवरच्या प्रचारकाला, गावाकडच्या अनाथाश्रमाला, शेजारच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला हजारो रुपये देतो. त्याचं औदार्य शाबूत आहे. त्याने मंडळीला शेरा दिलेला आहे, फक्त आम्ही तो वाचत नाही.

‘चर्च म्हणजे कंपनी नव्हे, हिशेब मागणं हा अविश्वास,’ असं वार्षिक सभेत कोणीतरी वडील नेहमी म्हणतात. त्यांना पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र दाखवावं. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात आहे आणि ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या एक अध्याय आधी पौल सांगतो की यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेला पैसा नेताना तो एकटा जाणार नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर असेल, कारण एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये. प्रेषिताला साक्षीदार लागला, आणि आमच्या सेक्रेटरीला ऑडिटर नको?

त्याहून मोलाचा प्रसंग प्रेषितांची कृत्यं, सहावा अध्याय. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी कुरकुर केली. बारा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना विश्वासात कमी ठरवलं नाही, देण्यावर उपदेशही केला नाही. सात जण निवडायला सांगितले. निवडलेल्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. म्हणजे ज्या बाजूची तक्रार होती त्या बाजूच्या माणसांच्या हाती वाटपाचा कारभार दिला. आणि सातव्याच वचनात लिहिलंय की शिष्यांची संख्या फार वाढत गेली. आधी हिशेब, मग वाढ.

याला आपल्या इथला उपाय फार अवघड नाही, अडचणीचा आहे. महाराष्ट्रात बहुतेक मंडळ्यांच्या मिळकती सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत. दरवर्षी लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. न्यासाची स्थावर मिळकत विकायला, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायला आयुक्तांची परवानगी लागते. कायदा आहेच. तो अहवाल चर्चच्या दारावर, नाताळच्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी लावायला कोणाचीही परवानगी लागत नाही. सभासदांच्या नावापुढचे आकडे मात्र छापणं बंद करावं. फक्त यंदा किती घरांनी दिलं तेवढं सांगावं.

आणि भाडं? ते वेगळ्या खात्यात जावं. त्यातून मुलांच्या शिष्यवृत्त्या द्याव्यात, दवाखान्याचं छप्पर दुरुस्त करावं, बेघर विधवेला खोली बांधून द्यावी. पाळकाचा पगार, चर्चचं लाइट बिल आणि संडे स्कूलचा खाऊ हे सभासदांच्या अर्पणातून निघालं पाहिजे. पहिली दोन वर्षं ओढाताण होईल. काही मंडळ्यांना, विशेषतः ज्यांची निम्मी घरं सहा महिने कारखान्याच्या तळावर असतात त्यांना, ते झेपणारच नाही. त्यांच्यासाठी धर्मप्रांतातल्या शहरी मंडळ्यांनी सामाईक निधी करावा आणि त्या निधीच्या समितीत निम्मी माणसं त्या खेड्यांतली असावीत. हे मांडलं की पहिला आक्षेप येतो तो पाळकांकडून नाही, कंपाउंडच्या किल्ल्या असलेल्यांकडून. यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव घालायला दहा सभासदांनी सह्या केल्या, तरी सभेत मार्चच्या उपदेशापेक्षा बरंच काही ऐकायला मिळेल.